त्रेसष्ट टाके

१

रेश्माला एखादी गोष्ट सुचली की तिला दम धरवत नाही, हे कोऱ्हाळे बुद्रुकात शेंबड्या पोरालासुद्धा ठाऊक होतं. दुकानाचा बोर्ड तिनं रंग ओला असतानाच लावला होता. तो अजून एका कोपऱ्यात फराटलेला आहे. पण त्या सोमवारी सकाळी तिला जे सुचलं, त्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. शटर वर केलं की समोर रस्ता, आणि रस्त्यावरून कारखान्याला निघालेले उसाचे ट्रॅक्टर, दोन-दोन ट्रेलर ओढत, मोठ्यानं गाणी लावून. आत पिकोचं मशीन. साडीच्या काठाला नागमोडी टीप मारायची, फॉल लावायचा, घडी करून पिशवीत घालायची. मोटार बसवलेली, पायाखाली पेडल. दहाला शटर वर, एकला जेवण, पाचला शटर खाली. आठ वर्षं हेच चाललं होतं.

त्या दिवशी नवं रीळ लावल्यावर टाका नीट पडतो का बघायला तिनं जुन्या लुगड्याचं एक चौघडी फडकं सुईखाली धरलं. टाक्याची लांबी ठरवायचा खटका शून्यावर राहून गेला होता. पेडल दाबलं तर कापड पुढं सरकेना. सुई जागच्या जागी डावी-उजवी नाचली, नऊ वेळा, आणि रेश्मानं पाय उचलला. फडक्यावर जोंधळ्याच्या दाण्याएवढा टाका बसला होता. तिनं ओढून पाहिलं. चारही थर एका जागी असे आवळलेले की हलायचं नाव नाही.

ती ते फडकं घेऊन तशीच मागच्या पडवीत पळाली. तिच्या सासूबाई, प्रयागबाई, तिथं शेंगा फोडत बसल्या होत्या.

"आत्या, हे बघा. वाकळ हातानं शिवायची गरजच न्हाय. मुठीमुठीवर एकेक असा टाका मारला की झालं. दोन दिसांत वाकळ तयार."

"कुणाची वाकळ?"

"कुणाची म्हंजी? आमच्या अबोलीच्या बाळाची."

अबोली ही तिची धाकटी बहीण, इंदापूरला दिलेली. लग्नाला सात वर्षं झाली होती. दोनदा दिवस गेले आणि दोनदा चौथ्या-पाचव्या महिन्यात सगळं संपलं. दुसऱ्या वेळी तर अबोली महिनाभर कुणाशी बोलली नव्हती. या खेपेला मात्र नऊ महिने भरत आले होते आणि डॉक्टरांनी आठ दिवसांवरची तारीख दिली होती. तिला बाळंतपणाला कोऱ्हाळ्याला आणायची रेश्माची फार इच्छा होती, पण इंदापूरचे डॉक्टर पहिल्यापासून बघत होते, आता जागा बदलू नका म्हणाले. दोघींना आई नव्हती. त्यामुळं आईनं करायचं ते सगळं रेश्माकडं आलं आणि तिनं ते हौसेनं अंगावर घेतलं. डिंकाचे लाडू झाले, टोपडी झाली. गोधडी तेवढी राहिली होती, कारण नऊ महिने त्या कापडांना हात लावायचा तिला धीर झाला नव्हता. आता भीती सरली होती, पण दिवस उरले नव्हते.

प्रयागबाईंनी फडकं हातात घेतलं, उलटंसुलटं करून पाहिलं.

"पोर बाहीर येऊस्तवर दोऱ्याला गाठ मारायची न्हाय," त्या म्हणाल्या. "आत्ता कच्चा दोरा घालून ठिव. बारशाच्या आधी पक्की कर."

"पर आत्या, ही गाठ न्हायच. मशीनला गाठ मारता येतीय व्हय? नुसता टाका हाय, जागच्या जागी."

"तुमच्या मशीनचं मला काय कळतंय," म्हणून प्रयागबाई परत शेंगांना लागल्या. रेश्मानं हाच होकार धरला.

२

गोधडीचे थर तीन. वर आईच्या जुन्या लुगड्याचे चौकोन जोडलेले, खाली रेश्माची धुऊन धुऊन मऊ झालेली सुती साडी, आणि मध्ये, गोधडीच्या पोटात, अबोलीची विटकी गुलाबी साडी घडी करून. पाचव्या महिन्यापासून अबोली घरात तीच नेसत होती, पोटाला काचत नाही म्हणून. तिचा नवरा केयूर शाळेत शिक्षक. रविवारी बारामतीला काम निघालं तसा तो पुढं कोऱ्हाळ्यापर्यंत आला आणि साडीची पिशवी देऊन गेला. न धुता द्या, असं रेश्मानंच सांगितलं होतं. बाळाला आईचा वास लागतो.

सोमवारची संध्याकाळ थर लावून कडेनं कच्चा दोरा घालण्यात गेली. मंगळवारी सकाळी तिनं खडूनं खुणा केल्या. आडव्या सात, उभ्या नऊ, मुठीमुठीवर. त्रेसष्ट. मग फोन रिळांच्या डब्याला टेकवून उभा केला, स्पीकर लावला आणि अबोलीला फोन केला. एवढा आनंद एकटीनं करण्यात काही मजा नव्हती.

"ताई, मशीनचा आवाज येतोय. काय चाललंय?"

"तुझ्या लेकराची गोधडी. गप ऐक आता, पहिला टाका हाय. आईच्या लुगड्यावर."

सुई नऊ वेळा नाचली.

"आई गं," अबोली म्हणाली.

"काय झालं?"

"काही नाही. लाथ मारली. सकाळपासून गप्प होतं, आत्ता एकदम जोरात."

"आवडली म्हणावं गोधडी." रेश्मानं कापड पुढच्या खुणेवर सरकवलं आणि पेडल दाबलं.

"परत," अबोली म्हणाली. तिचा आवाज हसरा झाला होता. "ताई, तू आत्ता टाका घातलास ना?"

"घातला."

"अजून एक घाल बरं."

रेश्मानं घातला. इकडं सुई थांबली आणि तिकडं अबोली खळखळून हसली. मग त्यांनी तो खेळच केला. मावशीनं टाका घालायचा आणि बाळानं लाथ मारायची. तिसरा, चौथा, पाचवा. मध्येच अबोली म्हणायची, थांब, मला पाणी पिऊ दे, आणि रेश्मा पेडलवरचा पाय अधांतरी धरून थांबायची. सात वर्षांत बहिणीचं असं हसणं तिनं ऐकलं नव्हतं. तिचे डोळे भरून आले, दोरा दिसेना, तिनं पदरानं डोळे पुसले आणि पुढचा टाका घातला. एकाही टाक्याला बाळ चुकलं नाही. वीस टाके झाले तेव्हा अबोली म्हणाली, "बास आता, दमलं असेल ते," तेव्हा कुठं रेश्मा जेवायला उठली.

३

"पोरगं हालतंय ते हालतंय," रेश्माचा नवरा विजयसिंह भाकरी मोडत म्हणाला. तो कारखान्यात वजनकाट्यावर कामाला होता आणि सगळ्या गोष्टी काट्यावर घालून बघायची त्याला सवय होती. "तू मिन्टा-मिन्टाला टाका मारतीस, ती मिन्टा-मिन्टाला ध्यान देऊन बसलीया. जुळणारच की."

त्याचं म्हणणं रास्त होतं. रेश्माही बारावी सायन्स झालेली होती, काही वेडी नव्हती. म्हणून दुपारी तिनं खेळाची रीत बदलली. अबोलीला सांगितलं, आता फोन ठेव, बाळानं लाथ मारली की घड्याळ बघ आणि कॅलेंडरवर वेळ लिही, कुठं मारली तेही लिही. स्वतः ती मनाला येईल तेव्हा टाका घालू लागली. एक घातला की दहा मिनिटं साडीचा पिको, मग लागोपाठ दोन, मग अर्धा तास काहीच नाही. प्रत्येक टाक्याची वेळ तिनं खडूनं टेबलाच्या कडेला लिहिली.

पाच वाजता तिनं अबोलीला फोन लावला. चौदा टाके होते. अबोलीकडंही चौदाच वेळा होत्या, त्याच, मिनिटालासुद्धा फरक नाही.

"आणि जागा?" रेश्मानं विचारलं.

"पहिली उजवीकडं, बरगडीखाली. मग जरा मध्याकडं. मग अगदी मध्ये, वर..."

रेश्मा गोधडीवर बोट फिरवत होती. उजवीकडं, मग मध्याकडं, मग मध्ये. खुणा तशाच होत्या, आणि टाके त्याच क्रमानं घातले होते.

तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. आता कुणी म्हणेल, बाईला तेव्हाच भ्यायला हवं होतं. पण ती भ्याली नाही, तिला आनंद झाला. सत्तर-ऐंशी किलोमीटरवरून ते लेकरू आपला हात ओळखतंय, असं तिला वाटलं. दोनदा हातातून गेलेलं आता असं ठासून सांगतंय की मी आहे. तिनं प्रयागबाईंना सांगितलं, शेजारच्या सरुबाईला सांगितलं, साडी न्यायला आलेल्या अनोळखी बाईलासुद्धा सांगितलं.

चौतीस टाके झाले होते. एकोणतीस राहिले होते.

४

बुधवारी सकाळी तिनं शटर नऊलाच वर केलं.

"वरच्या बाजूला आता काही कळत नाही गं," फोनवर अबोली सांगत होती. "सगळं खालीच चाललंय. काल संध्याकाळी डॉक्टरांना विचारलं. म्हणाले, डोकं खाली सरकलंय, आता हालचाल कमीच होणार."

"बरोबर हाय. मल्हारच्या वेळी माझंबी असंच झालं होतं." मल्हार म्हणजे रेश्माचा मुलगा, बारामतीला होस्टेलवर असतो. त्याला तान्हा बघून अकरा वर्षं झाली होती.

ती टाके वरून खाली घालत आली होती. पाचवी ओळ झाली, सहावी सुरू झाली. प्रत्येक टाक्याला लाथ येतच होती, पण कालच्यासारखी दणकून नाही. अबोली म्हणायची, "आली, बारीकशी." रेश्मानं एकदा गोधडी सपाट करून पाहिली. वर टाके, खाली नुसत्या खुणा. अबोली सांगत होती त्या सगळ्या जागा खुणांच्या होत्या, टाक्याची एकही नव्हती. तिचा हात जरा थबकला. मग तिनं स्वतःलाच समजावलं, बाळ खाली सरकलंय आणि आपणही खालीच आलोय, दोन्ही एका वेळी झालं एवढंच. हे कुणालाही पटलं असतं, तिलाही पटलं.

सातव्या ओळीत मशीनचा आवाज बदलला. तीन थरांतून जाणाऱ्या सुईचा आवाज तिला झोपेतही ओळखता आला असता. हा जड होता, आत आणखी काहीतरी असल्यासारखा. तिनं गोधडी उचलून दोन्ही हातांनी चाचपली. अबोलीची साडी, घडी, दुसरं काही नाही. कापड मात्र ऊबदार लागलं. मोटार सकाळपासून चालू आहे, तापली असेल, असं म्हणून तिनं मोटारीला हात लावला. मोटार तर थंडगार होती. मग शटरमधून ऊन येत असेल, असं तिनं ठरवलं आणि पुढची खूण सुईखाली घेतली.

खरं सांगायचं तर आता तिला थांबायचंच नव्हतं. थोडंसं राहिलेलं काम कुणाला सोडवतं? साठ झाले. एकसष्ट. बासष्ट.

"ताई," अबोली म्हणाली, "आता फक्त एकाच जागी टकटक करतंय. बेंबीच्या खाली, जरा डावीकडं. मजा वाटतेय."

"बघ हां, शेवटचा. ह्याला जोरात लाथ मार म्हणावं मावशीला." आणि रेश्मानं उरलेल्या एकुलत्या एका खुणेवर पेडल दाबलं. ती खूण खालच्या ओळीत होती, जरा डावीकडं.

सुई नऊ वेळा नाचून थांबली. फोनमधून काहीच आलं नाही.

"आली का?"

"नाही अजून."

रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला. त्याचं गाणं लांब जाऊन विरलं.

"आता?"

"नाही. झोपलं असेल गं," अबोली म्हणाली. हसायचा प्रयत्न करत होती ती, पण रेश्मानं तिला लहानपणापासून ऐकलेलं होतं.

५

अबोलीनं साखरपाणी पिऊन पाहिलं, डाव्या कुशीवर झोपून पाहिलं. तासभर झाला तरी पोटात हूं की चूं नाही. साडेबाराला केयूरचा फोन आला, त्यानं तिला दवाखान्यात आणलं होतं.

रेश्मा गोधडी मांडीवर घेऊन बसली होती. उठायचं, बॅग भरायची, बारामतीची गाडी पकडायची, एवढं तिला कळत होतं, पण मांडीवरची गोधडी खाली ठेववत नव्हती. प्रयागबाई जेवायला हाक मारत आल्या आणि तिचा चेहरा बघून थांबल्या. रेश्मानं सगळं सांगितलं. सांगताना तिलाच ते खुळ्यासारखं वाटत होतं.

प्रयागबाईंनी गोधडीचं टोक उचललं. एका टाक्यावर अंगठा फिरवला, मग दुसऱ्यावर, मग तिसऱ्यावर. धान्य पारखावं तसं.

"ह्या समद्या गाठीच हायत," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही, कपाळाला हात लावला नाही. स्वतःच्या पदराच्या टोकाला सुट्टे पैसे बांधलेली गाठ होती, ती आधी सोडली. मग म्हणाल्या, "उसव. शेवटची मारलीस, ती आधी काढ."

जागच्या जागी नऊ ठोके मारलेला टाका उसवणं म्हणजे थट्टा नाही. कापडालाच चिकटलेला असतो. रेश्मानं अर्धं ब्लेड घेतलं, टाक्याखाली सरकवलं, एकेक धागा कापत आणला. पहिला टाका निघायला मिनिट गेलं. तिनं केयूरला फोन लावला.

"ताई, ठोके फार मंद आहेत म्हणतायत. नव्वदच्या खाली. सिझरची तयारी चाललीय." केयूरला धाप लागली होती. "थांबा, अबोली आतून ओरडतेय. हललं म्हणतेय. एकदा हललं."

"फोन ठिवू नका," रेश्मा म्हणाली. "काय व्हतंय ते सांगत राहा."

"तुम्ही काय करताय?"

"काय न्हाय. तुमी बोला."

प्रयागबाई समोर बसल्या, दुसरं अर्धं ब्लेड घेऊन. सासू डावीकडनं, सून उजवीकडनं, दोघी खालून वर. दोघींच्या मध्ये गोधडी ताणलेली. एक निघाला, दोन निघाले, पाच निघाले. बोटाला कापलं, रेश्मानं ते तोंडात घालून चोखलं आणि परत हात घातला. पंधरा. शंभर, केयूर म्हणाला, शंभरला आलेत. बावीस. एकशेदहा. रेश्माला रडायला येत होतं आणि त्याच वेळी आत कुठंतरी हुरूप चढत होता, शर्यतीत बैल पुढं निघाल्यावर चढतो तसा. दोरे टेबलावर, मांडीवर, जमिनीवर. चाळीस. तिला आत नेलं, केयूर म्हणाला, दार लावलं, आता मला काही दिसत नाही. पन्नास. प्रयागबाईंना डोळ्यांनी नीट दिसत नव्हतं, पण त्यांची बोटं चुकत नव्हती. साठ. एकसष्ट. बासष्ट.

त्रेसष्टावा अगदी वरच्या कोपऱ्यात होता, मंगळवारी हसत हसत घातलेला पहिला. त्याचा शेवटचा धागा तुटला आणि फोनमध्ये, दाराआडून, रडणं ऐकू आलं. बारीक, चिडकं, गळा काढून.

"ताई," केयूर म्हणाला आणि त्याला पुढं बोलवेना. मग बोलला. "मुलगी. ताई, मुलगी झाली. बरी आहे. दोघी बऱ्या आहेत."

रेश्मा प्रयागबाईंच्या गळ्यात पडली.

६

प्रयागबाई वाटीत साखर घेऊन आळीत वाटायला गेल्या. रेश्मा एकटीच हसत होती, डोळे पुसत होती, परत हसत होती. संध्याकाळी विजयसिंह आला की त्याच्याबरोबर इंदापूर, रात्रीच्या आत बाळ हातात. एवढंच तिच्या डोक्यात होतं. टेबलावरचे दोरे गोळा करून तिनं गोधडी घडी करायला घेतली.

गोधडीला आता एकही टाका नव्हता. कडेचा कच्चा दोरा तेवढा थर धरून होता. अशी गोधडी सपाट पडायला हवी. ती मध्ये फुगली होती. रेश्मानं तळहातानं दाबलं. कापड खाली गेलं आणि हळूच परत वर आलं.

वरती पंखा होता. तिनं पंखा बंद केला.

आईच्या लुगड्याच्या एका चौकोनाखाली काहीतरी वर सरकलं. सुपारीएवढं, गोल. कापड तिथं ताणलं गेलं आणि क्षणभर तिला आकार स्पष्ट दिसला. टाच होती. मल्हारच्या वेळी स्वतःच्या पोटावर बघितलेली, नवऱ्याला बोलावून बोलावून दाखवलेली, तशीच टाच. ती एका चौकोनातून शेजारच्या चौकोनात गेली आणि बुडाली. मग दुसरीकडं एक गुडघा आला.

फोन वाजला. केयूर होता आणि त्याच्या मागं बाळ रडत होतं.

"ताई, ही थांबतच नाही. अर्धा तास झाला. डॉक्टर म्हणतात सगळं ठीक आहे, वजन चांगलं आहे. सिस्टर घेऊन फिरतायत, तरी नाही. अबोली अजून गुंगीत आहे. काय करू?"

रेश्मा गोधडीकडं बघत होती. तिकडं रडण्याचा सूर चढला की इकडं कापड चढत होतं. तिकडं बाळ श्वास घ्यायला थांबलं की इकडंही थांबत होतं. आतले पाय आता नुसते हलत नव्हते, झाडत होते. कडेचा कच्चा दोरा एका ठिकाणी तुटला.

तिनं काय केलं ते तिनं पुढं कुणालाच सांगितलं नाही. तिनं गोधडी मशीनखाली ओढली. फक्त एक, असं तिनं ठरवलं, मध्यावर, हलू नये इतपत. आणि पेडल दाबलं.

रडणं मध्येच तुटलं.

"झाली गप्प," केयूर म्हणाला. "देवा. झाली एकदाची..." आणि मग दुसऱ्याच आवाजात, "सिस्टर. सिस्टर, हिचे ओठ बघा."

रेश्मानं ब्लेड शोधलं नाही. दातांनी तोडला तिनं तो टाका, कापडासकट. आईच्या लुगड्याला भोक पडलं. फोनमध्ये बाळानं हंबरडा फोडला आणि केयूर रडायला लागला.

बांधता येत नव्हतं आणि सोडताही येत नव्हतं. तुटलेल्या दोऱ्याच्या जागी गोधडीची कड उघडू लागली होती. आत गुलाबी अंधार होता, आणि त्या अंधारात काहीतरी ओलसर चमकलं. रेश्मानं पुढं बघितलं नाही. तिनं कड मिटून धरली, दुसरा हात मधल्या फुगवट्यावर ठेवला आणि तिला सुचलं तेच एक केलं. ती थोपटू लागली. हळू, एका तालात, मल्हारला थोपटायची तसं. ओ ओ ओ, गप गं बाय, गप.

हाताखालचं झाडणं मंदावलं. मग थांबलं. कापड सावकाश वर-खाली होऊ लागलं.

"झोपली," केयूर फोनवर कुजबुजला. "काय केलं सिस्टरनी कुणास ठाऊक."

नाक पुसायला रेश्मानं हात उचलला. फोनमध्ये बाळ किरकिरलं. तिनं हात परत ठेवला.

७

चारच्या सुमाराला सरुबाई शटरपाशी आली. "रेश्मा, माज्या साडीचा पिको झाला का गं?"

"उद्या या, मावशी."

"आन् मावशी झालीस म्हणं. पेढं कुठं हायत?"

"उद्या देते," रेश्मा म्हणाली. उजवा हात तिनं थांबवला नव्हता.

सरुबाई गेल्यावर प्रयागबाई आत आल्या. त्यांनी रेश्माचा हात बघितला, हाताखालचं कापड बघितलं. मागं फिरून अर्धं शटर खाली ओढलं आणि स्टूल घेऊन शेजारी बसल्या.

"सरक. घटकाभर मी थोपटते."

रेश्मानं हात काढला आणि प्रयागबाईंनी लगेच ठेवला. पापणी लवते तेवढीसुद्धा उसंत नव्हती. तरी चालूच ठेवलेल्या फोनमध्ये बाळ किंचाळलं आणि गोधडी प्रयागबाईंच्या हाताखाली उसळली. त्यांनी हात मागं घेतला. रेश्मानं आपला परत ठेवला तसं रडणं थांबलं. मग आत गेल्या, चहा करून आणला आणि बशीत ओतून रेश्माच्या ओठांना लावला, कारण तिचे दोन्ही हात गुंतलेले होते.

"किती दीस, आत्या?" रेश्मानं विचारलं.

"पोर मोठी व्हईल की," प्रयागबाई म्हणाल्या आणि त्यांनी नजर चुकवली.

साडेचारला अबोली शुद्धीवर आली. केयूरनं फोन तिच्या कानाशी धरला असावा. तिचा श्वास ऐकू येत होता.

"ताई, बघितलंस? आली शेवटी."

"आली गं." एवढ्या सगळ्यात रेश्माला आनंद झालाच होता, तो काही खोटा नव्हता. "कशी हाय दिसायला?"

"तुझ्यासारखं नाक आहे. तू कधी येतेस? तोवर मी घरच्या कुणालाही घेऊ देणार नाही. आई असती तर तिनं पहिल्यांदा घेतलं असतं. आता तूच घ्यायचीस."

"येते ना. हे आले की निघतेच." तिचा हात चालूच होता. विजयसिंह सहाला येणार होता, गाडी घेऊन, आणि त्याला काय सांगायचं ते तिला माहीत नव्हतं.

तेवढ्यात तळहाताखाली काहीतरी चाचपडत आलं. रेश्मानं थोपटणं थांबवलं. कापडाच्या आतून पाच बारीक बोटं तिच्या करंगळीपाशी आली, तिला हुंगल्यासारखी फिरली आणि घट्ट मिटली. ती बोटं इतकी लहान होती की करंगळीला पुरती वळसाही घालू शकत नव्हती. ऊब मात्र कापडातून आरपार येत होती.

"ताई, गंमत बघ," अबोली इंदापुरातून हसत सांगत होती. "झोपेतच हिनं मूठ आवळलीय. काहीतरी धरल्यासारखी. मी बोट घालायला बघतेय तर उघडतच नाही."

रेश्मानं करंगळी सोडवून घ्यायला हवी होती. तिनं ती आणखी थोडी पुढं सरकवली, नीट धरता यावी म्हणून.

"असू दे," ती म्हणाली. "धरू दे तिला."